ज्वारीची रास: खळं सारवण्यापासून धान्य घरात येईपर्यंत

गेल्या काही सुग्यांत ओळखीच्या शेतांवर राशीची, म्हणजे खळ्यावर मळून घातलेल्या धान्याच्या ढिगाची, पूजा पाहिली आणि बहुतेक ठिकाणी एकच चूक दिसली. धान्य पोत्यांत भरून, तोंडं शिवून, ट्रॉलीत चढवून झाल्यावर कुणाला तरी आठवण होते. मग पोत्यांनाच हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि ट्रॉली निघते. रास झालेलीच नसते, मग पूजा कशाची करायची?

दुसरी चूक आमच्याच घरी झाली. उत्साहाच्या भरात नारळ थेट राशीवर फोडला आणि पाणी धान्यात मुरलं. वरचं धान्य कोरडं दिसत होतं म्हणून सगळं एकत्र भरलं. दीड महिन्यानं कणगीत, म्हणजे धान्य साठवायच्या सारवलेल्या टोपल्यात, हात घातला तेव्हा मुठीएवढे बुरशीचे गोळे हाताला लागले. त्या वर्षीची दोन पोती ज्वारी जनावरांनाही घालता आली नाही.

म्हणून सगळा क्रम एकदा नीट लिहून काढला आहे. हा क्रम रब्बी ज्वारीचा आहे. मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ या पट्ट्यातल्या काळ्या रानात मालदांडी जातीची ज्वारी पेरतात आणि माघ-फाल्गुनात काढतात, तिथली ही रीत. कोकणातल्या भाताची, नवं बांधण्याची रीत वेगळी आहे, ती इथे मिसळू नका. तुमच्या घरी एखादी गोष्ट वेगळी होत असेल तर घरातल्या जुन्या माणसाचं ऐका. मात्र धान्याला ओल लागणार नाही आणि कडब्याला आग लागणार नाही, या दोन बाबतींत तडजोड करू नका.

## तयारी: काढणीच्या आधीचा आठवडा

साहित्य आधी एका पाटीत काढून ठेवा. ऐनवेळी शेतातून घरी माणूस पळवावा लागला की क्रम मोडतो. लागतं ते एवढंच: सूप, दोन पाट्या, नवी केरसुणी, पायली किंवा शेराचं माप, हळदकुंकू, चिमूटभर चुना, पाच पानं, नारळ, खोलगट पणती, परात, पाण्याचा तांब्या, गूळ. नैवेद्य सकाळी घरून येईल.

केरसुणी नवीच हवी. घरात वापरलेली केरसुणी आणली तर तिच्यातले केस, दोरे, खडे राशीत उतरतात.

बियाण्याची कणसं मळणीनंतर निवडता येत नाहीत, तेव्हा सगळे दाणे एक झालेले असतात. पीक उभं असतानाच रानातून फिरा. भरदार, टपोऱ्या दाण्याची, रोग नसलेली कणसं हेरून त्यांच्या ताटांना, म्हणजे धाटांना, चिंधी बांधा. काढणीच्या दिवशी ती कणसं सगळ्यांत आधी मोडून वेगळी ठेवा. त्याच वेळी आणखी एक जुडी बाजूला काढा. ती सुगी उरकल्यावर घराच्या ओसरीत किंवा देवळाच्या आढ्याला चिमण्यांसाठी टांगायची असते. बियाण्याची आणि चिमण्यांची जुडी एकत्र बांधू नका, कारण बियाण्याला औषध लावलं जातं.

तपासणी: दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला म्हणजे दाणा पक्व झाला. दाताखाली धरल्यावर तो कट् आवाज करून फुटला पाहिजे. चिरडला तर अजून थांबा.

## टप्पा १: खळं करणं

सगळ्यांत जास्त घाई इथे होते आणि सगळं नुकसानही इथूनच सुरू होतं. ताडपत्री अंथरली की खळं झालं असं समजू नका. ताडपत्रीखालची जमीन उंचसखल असेल तर दाणे खड्ड्यात साचतात, पाय पडून ताडपत्री फाटते आणि माती वर येते.

१. जागा उंचवट्यावरची आणि वाऱ्याच्या तोंडावरची निवडा. जवळ झाड, घर किंवा उसाचा फड असेल तर वारा अडतो आणि उपणणी, म्हणजे वाऱ्यावर धान्य आणि भुसकट वेगळं करणं, रखडते.

२. गवत मुळासकट काढा, ढेकळं फोडा, खडे वेचा. मळणीसाठी बैलांची पात (एकत्र बांधलेली रांग) फिरवायची असेल तर मधल्या मेढीपासून (खांबापासून) चहूकडे दहा-बारा फूट मोकळी जागा ठेवा.

३. संध्याकाळी पाणी शिंपडा आणि रात्रभर मुरू द्या. चिखल होईल इतकं पाणी ओतू नका.

४. सकाळी माती पायाला चिकटायची थांबली की बैल फिरवून किंवा चोपण्यानं चोपून जमीन घट्ट करा. मधोमध किंचित उंच आणि कडांकडे उतार ठेवा. अवकाळी पावसाची सर आलीच तर पाणी बाहेर जाईल.

५. भेगा बुजवून शेणकाल्यानं सारवा. पहिला हात वाळल्यावर दुसरा हात द्या. काळ्या रानाला एका हातात भागत नाही, दुसऱ्या दिवशी भेगा पडतात.

६. पूर्ण वाळू द्या. माघातल्या उन्हाला दोन दिवस तरी लागतात.

तपासणी: पसाभर ज्वारी खळ्याच्या मध्यावर टाका आणि केरसुणीनं गोळा करून सुपात पाखडा. माती किंवा शेणाच्या खपल्या आल्या तर आणखी एकदा सारवावं लागेल. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर पुढे वर्षभर भाकरीत खडे लागतात.

सारवून वाळलेल्या खळ्यावर चपला घालून जायचं नाही. पाहुणा असो की ट्रॅक्टरवाला, त्याला आधीच सांगा. नंतर सांगितलं तर माणूस ओशाळतो.

## टप्पा २: मेढ आणि खळ्याची पहिली पूजा

बैलांनी मळणी करायची असेल तर खळ्याच्या मध्यावर मेढ रोवतात. तिच्याभोवती बैल फिरणार असतात, म्हणून ती हात-दीड हात तरी खोल हवी. मेढीच्या बुडाशी हळदकुंकू वाहा आणि शेंड्याला कणसांची छोटी जुडी बांधा. ही पूजा कणसं खळ्यात पसरण्याच्या *आधी* करायची. कणसं पसरल्यावर मेढीपर्यंत पोहोचायला ती तुडवावी लागतात.

यंत्रानं मळणी असेल तर मेढ नसते. तेव्हा खळ्याच्या एका कोपऱ्यात, यंत्र जिथे उभं राहणार त्याच्या विरुद्ध बाजूला, पाच कणसं उभी करून पूजा करा. यंत्राला हार घालायचा असेल तर ते बंद असताना घाला आणि सुरू करण्यापूर्वी काढून घ्या. फिरत्या पट्ट्यात हाराचा दोरा गेलेला मी पाहिला आहे. तो ओढायला माणसाचा हात आपोआप पुढे जातो.

## टप्पा ३: काढणी, कणसं मोडणं, मळणी

आमच्याकडे रब्बी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. उपटलेली ताटं काही दिवस रानातच वाळतात. मग बायका कणसं मोडतात, ताटांच्या पेंढ्या बांधतात आणि कडब्याचं बुचाड रचतात. बुचाड खळ्यापासून लांब आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाला रचायचं, म्हणजे वारा खळ्याकडून बुचाडाकडे वाहणार नाही. पुढे पणती लावायची आहे हे आत्ताच लक्षात ठेवा.

मळणीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. बैल असतील तर पात सावकाश चालवा, दुपारच्या उन्हात बैलांना सोडा आणि शेण पडलं की लगेच उचला. यंत्र असेल तर पदर, ओढणी, उपरणं कमरेला घट्ट खोचलेलं हवं. कणसं हातानं आत ढकलायची नाहीत. रात्री मळणी करू नका. इंजिनाच्या सायलेन्सरजवळ भुसकट साचू देऊ नका आणि पाण्यानं भरलेलं पिंप जवळ ठेवा.

यंत्रवाल्याला आधी सांगायची गोष्ट: धान्य थेट पोत्यात घेऊ नका. पहिली पाटी यंत्राच्या तोंडाखाली धरायची आणि नंतरचं सगळं धान्य खळ्यावर पडू द्यायचं. यंत्र तासावर असतं, म्हणून लोक पोती लावतात. पण धान्य खळ्यावर पडल्याशिवाय रास होत नाही. खरोखरच वेळ नसेल तर निदान शेवटची दोन-तीन पोती धान्य खळ्यावर पडू द्या आणि पूजा त्याच राशीची करा.

## टप्पा ४: उपणणी आणि रास घालणं

वाऱ्याची वाट पाहावी लागते. आमच्याकडे दुपार कलली की वारा धरतो. उपणणारा वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभा राहतो, खालून कुणीतरी पाट्या भरून देतो आणि तो धान्य एका धारेत सोडतो. वारा अंगावर घेऊ नका, तो कुशीवरून जाऊ द्या. भुसकट डोळ्यांत गेलं की माणूस पाटी सोडतो.

दाण्यांबरोबर पडणारी बोंडं आणि काड्या हातणीनं, म्हणजे खळ्यावरच्या झाडणीनं, वरच्यावर, हलक्या हातानं सारायच्या. हातणी दाबून मारली तर दाणेही भुसकटात जातात. खळ्याच्या तळाशी माती-खडे मिसळलेलं धान्य उरतं, त्याला मातेरं म्हणतात. ते राशीत ओढू नका. रास मोठी दिसावी म्हणून मातेरं आत ढकलणारी माणसं आहेत. त्यामुळे सगळ्या धान्याचा भाव पडतो.

स्वच्छ धान्य मध्यावर गोळा करून त्याची टोकदार रास घाला. रास ओलांडायची नाही, तिच्यात पाय घालायचा नाही. लहान मुलांना राशीत लोळायचा मोह होतो. त्यांना ओरडू नका, त्यांच्या हातात सूप द्या आणि कडेचे दाणे गोळा करायला बसवा.

तपासणी: कोपरापर्यंत हात राशीत घाला. आतलं धान्य गार किंवा दमट लागलं तर पूजा झाल्यावरही ते पोत्यात न भरता पातळ पसरून आणखी ऊन द्यावं लागेल. साठवायच्या ज्वारीत ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असावा. बाजार समितीत ओलावा मोजायचं यंत्र असतं, तिथे मूठभर नमुना नेऊन खात्री करता येते.

## टप्पा ५: राशीची पूजा

आता खरी पूजा. तिचा क्रम असा:

१. राशीभोवतीची जागा झाडून घ्या. केर राशीपासून बाहेरच्या बाजूला झाडा.

२. राशीच्या पूर्वेला, धान्यापासून हातभर अंतरावर पाच पानं मांडा. आपल्याच रानातले पाच खडे धुऊन, पुसून त्यांवर ठेवा आणि प्रत्येकाला चुन्याचा ठिपका लावा. हे पाच पांडव. खडे राशी*वर* ठेवू नका. माप घालताना ते धान्यात मिसळतात आणि गिरणीत जातात.

३. हळदकुंकू आधी पांडवांना, मग सूप, पाटी, माप, केरसुणी आणि हातणीला लावा. धान्याला कुंकू लावू नका आणि राशीवर गुलाल, बुक्का उधळू नका. बाजारातल्या कुंकवात आणि गुलालात रंग असतो, तो पोटात जाण्याजोगा नसतो. राशीला काही वाहायचंच असेल तर शेंड्यावर एक झेंडूचं फूल पुरे.

४. पणती परातीत ठेवा आणि परातीत बोटभर पाणी घाला. वारा असेल तर सुपाचा आडोसा करा. पूजा होईपर्यंत एक माणूस पणतीजवळच बसलेला हवा. निघताना ती त्याच पाण्यात शांत करायची, जळती सोडून जायचं नाही. सुगीच्या दिवसांत एका ठिणगीनं सगळं बुचाड जातं.

५. नैवेद्य दाखवा. ज्वारीची भाकरी, घुगऱ्या, आंबील, गूळ, ज्याच्या घरी जे असेल ते. पुरणपोळीच पाहिजे असं नाही. माझ्या मते त्याच रानातल्या दाण्याची भाकरी जास्त शोभते.

६. नारळ राशीपासून पाच-सहा पावलं दूर, दगडावर फोडा. पाणी तांब्यात धरा आणि बांधावर शिंपडा. आमची दोन पोती याच पायरीला गेली.

७. सगळ्यांनी मिळून चांगभलं म्हणायचं आणि घरातल्या कर्त्या बाईनं राशीतून पहिली ओंजळ उचलायची.

शेवटच्या पायरीबद्दल मला थोडं बोलायचं आहे. पाळीच्या दिवसांत बाईनं राशीजवळ यायचं नाही, असा दंडक कित्येक घरांत अजून आहे. खुरपणी तिनं केली, राखण तिनं केली, कणसं तिनं मोडली. त्यातले किती दिवस पाळीचे होते हे कुणी मोजलं नाही. मग रास झाल्यावर तिला बांधावर बसवणं अन्याय आहे. आमच्या घरी हा दंडक बंद झाला, तुम्हीही बंद करा.

## टप्पा ६: मापाच्या आधीचं देणं

रास मोजण्यापूर्वी देण्याचे वाटे बाजूला काढायचे. मोजून झाल्यावर आकडा डोळ्यांपुढे राहतो आणि हात आखडतो, हे प्रत्येकानं अनुभवलं असेल.

पहिली ओंजळ देवाची, दुसरी पाखरांची. पाखरांचा वाटा खळ्याच्या कडेला उघड्यावर टाका. त्यानंतर माणसांचे वाटे.

इथे दोन गोष्टी कसोशीनं पाळा. पहिली, मजुरी आणि दान वेगळं. ज्यांनी काढणी केली, कणसं मोडली, त्यांची मजुरी ठरल्याप्रमाणे आधी चुकती करा. त्यांच्या पदरात घातलेला पसा हा त्यावरचा असतो, मजुरीतून कापायचा नसतो. दुसरी, जुन्या बलुत्यासारखी माणसं खळ्याच्या कडेला ताटकळत उभी करू नका. त्या उभं राहण्याला जातीची उतरंड होती. महारकीचं वतन १९५८च्या कायद्यानं गेलं, तेव्हा ती वागणूकही खळ्यावरून गेली पाहिजे. ज्यांना द्यायचं त्यांना पूजेला बोलवा, सोबत जेवायला बसवा किंवा धान्य त्यांच्या घरी पोहोचवा. वासुदेव, गोसावी दारी आले तर त्यांची झोळी रिकामी जाऊ नये.

## टप्पा ७: माप घालणं

तीन माणसं लागतात: एक माप भरणारा, एक पोतं धरणारा, एक मोजणारा. मोजणाऱ्याशिवाय कुणी बोलायचं नाही. त्यामागे श्रद्धा आहेच, पण मध्येच कुणी भाव विचारला की आकडा चुकतो, हेही तितकंच खरं.

पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं पुढे. नव्या पिढीतली मुलं 'लाभ' म्हणून पुन्हा 'एक' म्हणतात आणि सगळी मोजणी एका मापानं चुकते. लाभ हेच पहिलं माप.

माप शिगेचं, म्हणजे काठाच्या वर ढीग येईल असं, की सपाट, हे आधी ठरवा. अर्धी रास शिगेनं आणि अर्धी सपाट मोजली तर हिशेबाला अर्थ राहत नाही. जुनी मापं आता मुलांना माहीत नसतात, म्हणून इथे देतो: २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली, १२ पायल्या म्हणजे १ मण, २० मण म्हणजे १ खंडी. दर बारा पायल्यांना एक खडा बाजूला ठेवा, म्हणजे मण मोजायला वेगळी वही लागत नाही. पायलीचं माप गावागणिक कमीजास्त असतं. म्हणून विक्रीचं धान्य काट्यावरच तोला. पूजेपुरती पहिली पाच मापं पायलीनं घालून पुढचं सगळं काट्यावर घेतलं तरी चालतं.

चूक टाळा: शेवटी 'रास संपली' असं म्हणायचं नाही. 'वाढली' म्हणायचं. आणि शेवटचा दाणा झाडून घ्यायचा नाही, राशीच्या बुडाशी दोन ओंजळी धान्य तसंच ठेवायचं. ते दुसऱ्या दिवशी, खळं आवरताना घ्यायचं.

## टप्पा ८: धान्य घरात घेणं

पहिलं पोतं किंवा ती पहिली पाटी दारात आली की बैलांच्या पायांवर पाणी घालतात, पाटी आणणाऱ्याला ओवाळतात आणि मग धान्य आत घेतात. ट्रॅक्टर असेल तर पाणी चाकावर घालतात. पाणी पोत्यांवर उडू देऊ नका, एवढंच सांभाळा.

कणगी आधीच आतून-बाहेरून सारवून, वाळवून तयार हवी. तळाला कडुनिंबाचा *वाळलेला* पाला पसरा. हिरवा पाला घातला तर त्याचीच ओल धान्याला लागते. पत्र्याची कोठी असेल तर ती उन्हात तापवून, गार झाल्यावर भरा. उन्हातून आणलेलं गरम धान्य लगेच बंद करू नका. रात्रभर गार होऊ द्या, नाहीतर कोठीला आतून घाम सुटतो. कीड मारायच्या विषारी गोळ्या झोपायच्या खोलीतल्या धान्यात कधीही ठेवू नका. त्यांच्या वायूनं माणसं दगावतात.

ज्यांच्याकडे अजून जमिनीखालचं पेव आहे, त्यांनी ते उघडल्यावर लगेच आत उतरू नये. बंद पेवात श्वास घ्यायला हवा उरत नाही. तोंड उघडून पुरेसा वेळ जाऊ द्या. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर दोन माणसं ठेवा. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे उडी न टाकता त्याला दोरानं ओढून घ्या.

## टप्पा ९: खळं आवरणं

दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाशी ठेवलेलं धान्य घ्या. त्यातलं थोडं घरच्या देवापुढे ठेवा, बाकीचं पहिल्या दळणात घाला. मातेरं पाखडून कोंबड्यांना टाका. पांडवांचे पाच खडे बांधावर, जिथून उचलले तिथेच ठेवा. मेढ उपटून सावलीत उभी करा, आडवी टाकली तर वाळवी लागते. मेढीच्या शेंड्याची जुडी सोडून चिमण्यांच्या जुडीत बांधा आणि ओसरीत मांजराची उडी पोहोचणार नाही इतक्या उंच टांगा.